कॅथलिक मतदार : श्रद्धा, रोजगार आणि प्रतिष्ठा

अमेरिकेतील टेक्सस राज्यात रिओ ग्रांदे नदीच्या काठी स्टार नावाचा एक लहानसा परगणा आहे. तेथील लोकसंख्येत शंभरापैकी पंचाण्णवांहून अधिक माणसे मेक्सिकन वंशाची आहेत आणि त्यांची परंपरा कॅथलिक आहे. २०१२ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत या परगण्याने आपली ८६ टक्के मते बराक ओबामा यांच्या पारड्यात टाकली. २०१६ साली डोनल्ड ट्रम्प यांना तेथे अवघी १९ टक्के मते मिळाली. २०२० मध्ये ती ४७ टक्क्यांवर गेली आणि २०२४ मध्ये ५८ टक्क्यांच्या घरात पोहोचली. शंभरांहून अधिक वर्षांच्या कालखंडात रिपब्लिकन उमेदवाराला या परगण्यात बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्याची आणि परवान्याविना आलेल्यांना देशाबाहेर घालवण्याची घोषणा करणाऱ्या उमेदवाराला मेक्सिकन वंशाच्या कॅथलिकांनी कौल द्यावा, याचा अर्थ कसा लावावयाचा?

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की, कॅथलिक माणूस अखेर चर्चचे ऐकतो. गर्भपाताला विरोध करणारा उमेदवार त्याला जवळचा वाटतो. दुसरे उत्तर असे की, स्वतः आत आल्यावर मागाहून येणाऱ्यावर दार लोटणे हा मनुष्यस्वभावच आहे. तेव्हा ही निव्वळ कृतघ्नता होय. पहिले उत्तर मतदाराला मेंढरू ठरवते, दुसरे त्याला कृतघ्न ठरवते. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. परंतु जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन्हींच्या चौकटीत मावत नाही. तो इतिहास सलग तपासला, तर या मतदाराच्या वागण्यात एक सुसंगती दिसते आणि ती समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

बंदरावर भेटलेला पक्ष

आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळापासून आरंभ केला पाहिजे. १८४५ नंतरच्या सहा-सात वर्षांत त्या देशात सुमारे दहा लाख माणसे मरण पावली आणि त्याहून अधिक परागंदा झाली. त्यांतील बहुसंख्यांनी अमेरिकेची वाट धरली. १८५० साली न्यूयॉर्क शहराच्या दर चार रहिवाशांपैकी एक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. हे लोक कॅथलिक होते, दरिद्री होते आणि ज्या देशात ते उतरले तो देश मनाने प्रॉटेस्टंट होता. पोपशी निष्ठा असलेला माणूस प्रजासत्ताकाशी निष्ठावंत राहूच शकत नाही, असे तेथील सुशिक्षितही मानीत. १८३४ साली बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथील जोगिणींचा मठ जमावाने जाळला. १८४४ साली फिलाडेल्फियात शाळांतून कोणते बायबल वाचावे या वादावरून दंगली झाल्या आणि चर्चच्या इमारती भस्मसात झाल्या. पुढील दशकात तर परकीयांना आणि कॅथलिकांना सत्तेपासून दूर ठेवणे हाच कार्यक्रम असलेला ‘नो-नथिंग’ नावाने ओळखला जाणारा पक्ष उभा राहिला.

या परिस्थितीत बंदरावर उतरलेल्या आयरिश मजुराचा हात कोणी धरला? न्यूयॉर्कमध्ये तो धरला डेमोक्रॅटिक पक्षाच्या ‘टॅमनी हॉल’ या संघटनेने. टॅमनी हॉल हे नाव आज भ्रष्टाचाराचा पर्याय म्हणून घेतले जाते आणि ते अयोग्य नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ती एक विमा संस्था होती. सरकारकडून कोणतेही साहाय्य मिळत नव्हते त्या काळात टॅमनीचा वॉर्डातील कार्यकर्ता नगरपालिकेत नोकरी लावून देई, हिवाळ्यात कोळसा पाठवी, पोलिसांनी पकडल्यास जामीन राही आणि नागरिकत्वाचे कागद करून देई. जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट या टॅमनीच्या पुढाऱ्याने आपले कार्यतत्त्व १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात निःसंकोचपणे सांगून ठेवले आहे. एखाद्या चाळीत आग लागली तर दानशूर संस्थांची चौकशी संपेपर्यंत तो थांबत नसे. तत्काळ निवारा आणि कपडे यांची सोय करी. या विम्याचा हप्ता एकच होता; तो म्हणजे मत. ज्याच्याजवळ विकण्यासारखे श्रम आणि मत यांखेरीज काहीच नव्हते, त्याने हा सौदा पत्करला यात नवल नाही.

प्रतिष्ठेचा प्रश्नही याच हिशेबात होता. १८८४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्या सभेत एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने डेमोक्रॅटिक पक्षाची संभावना दारू, रोमचा धर्म आणि बंडखोरी यांचा पक्ष अशी केली. ब्लेन यांनी तत्काळ निषेध केला नाही. न्यूयॉर्क राज्य त्यांनी सुमारे अकराशे मतांनी गमावले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. ब्लेन यांची आई स्वतः कॅथलिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अपमानाची किंमत किती मोठी असते हे कळून येते.

एक धर्म, अनेक वाटा

येथवरचा इतिहास पाहून कॅथलिक धर्म आणि डेमोक्रॅटिक पक्ष यांची गाठ धर्मतत्त्वांनी बांधली होती, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. तेही कॅथलिक होते. परंतु त्यांना चर्चमध्ये आयरिश बिशप भेटला, बांधकामावर आयरिश मुकादम भेटला आणि पक्षाच्या कचेरीतही आयरिश पुढारीच भेटला. जागा मर्यादित आणि त्या आधीच भरलेल्या. परिणामी अनेक शहरांतून इटालियन मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळले. न्यूयॉर्कमध्ये १९३४ ते १९४५ अशी बारा वर्षे महापौरपद भूषविणारे इटालियन वंशाचे फिओरेल्लो ला ग्वार्दिया हे रिपब्लिकनच होते आणि टॅमनीच्या आयरिश पुढाऱ्यांशी झुंज देऊनच ते निवडून आले. वेदी एकच असूनही मतपेटीत मते वेगळी पडली, कारण नोकरीच्या बाजारात या दोन समाजांचे स्थान वेगळे होते.

हे सर्व गट एकत्र आले ते १९२८ साली. डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांना उमेदवारी दिली. प्रमुख पक्षाचे ते पहिले कॅथलिक उमेदवार. चार वर्षांपूर्वीच अमेरिकन काँग्रेसने स्थलांतरविषयक कायदा संमत केला होता. एकेका वर्षी दोन लाखांहून अधिक माणसे पाठविणाऱ्या इटलीच्या वाट्याला त्या कायद्याने वर्षाकाठी चार हजारांहून कमी जागा ठेवल्या. कू क्लक्स क्लॅन ही संघटना तेव्हा काळ्यांप्रमाणेच कॅथलिकांच्या आणि यहुद्यांच्याही विरोधात उघड संचलने करीत होती. अशा वेळी स्मिथ यांच्या रूपाने आपला माणूस उभा राहिला, ही भावना आयरिश, इटालियन, पोलिश अशा सर्वांना स्पर्शून गेली. स्मिथ प्रचंड फरकाने पराभूत झाले. स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही त्यांना राखता आले नाही. मात्र कॅथलिक कामगारांची वस्ती असलेली मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड ही दोन राज्ये त्यांनी जिंकली आणि मोठ्या शहरांतील मतांचा प्रवाह बदलला.

यानंतर आठच वर्षांनी जे घडले ते या संपूर्ण विषयाची किल्ली आहे, असे मला वाटते. १९३६ साली फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा निवडणुकीस उभे होते. ते प्रॉटेस्टंट, घराण्याने डच जमीनदार. त्यांच्या विरोधात कोण होते? अमेरिकेतील सर्वांत विख्यात कॅथलिक राजकारणी आल्फ्रेड स्मिथ स्वतः त्यांच्या विरोधात गेले होते आणि रिपब्लिकन उमेदवाराचा प्रचार करीत होते. रेडिओवरून कोट्यवधी श्रोत्यांशी बोलणारे कॅथलिक धर्मगुरू चार्ल्स कॉगलिन हेही विरोधात होते. त्यांनी विल्यम लेम्के या तिसऱ्याच उमेदवाराची पाठराखण केली. म्हणजे एका बाजूला जातभाई पुढारी आणि लोकप्रिय धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला परधर्मीय धनिक. कॅथलिक मतदारांनी प्रचंड बहुमताने रूझवेल्ट यांना मते दिली. लेम्के यांना देशभरात दोन टक्केही मते पडली नाहीत. कारण १९३५ सालच्या वॅग्नर कायद्याने कामगाराला संघटनेचा हक्क दिला होता, सामाजिक सुरक्षा कायद्याने वार्धक्याची तरतूद केली होती आणि सरकारी बांधकामांवर रोजगार मिळत होता. पूर्वी टॅमनीचा कार्यकर्ता उपकार म्हणून जे देई, ते आता कायद्याने हक्क म्हणून मिळू लागले. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी श्रमिकांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यातील न्याय्य वेतनाचा विचारही या धोरणाशी जुळणारा होता. धर्माची शिकवण आणि पोटाचा प्रश्न एका दिशेने जात असतील तर मत किती घट्ट होते, याचे हे उदाहरण आहे. ज्या धर्मगुरूचा शब्द पोटाच्या विरुद्ध गेला, तो ऐकला गेला नाही, हेही तितकेच खरे.

फिटलेले ऋण

१९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी यांना कॅथलिकांची सुमारे ७८ टक्के मते मिळाली, असे गॅलप संस्थेची पाहणी सांगते. त्याआधीच्या, १९५६ च्या निवडणुकीत आयसेनहॉवर यांनी हीच मते जवळजवळ निम्मी मिळविली होती. म्हणजे चार वर्षांत फार मोठे परिवर्तन झाले. कॅथलिकांची आर्थिक स्थिती चार वर्षांत तेवढी बदलली नव्हती. येथे निर्णायक ठरली ती प्रतिष्ठा. दुष्काळात देशोधडीला लागलेल्या आयरिश माणसाचा पणतू अध्यक्ष होऊ शकतो की नाही, हा प्रश्न त्या वर्षी मतपेटीसमोर होता. अध्यक्ष झालो तर पोपचे आदेश पाळणार नाही, हे सांगण्यासाठी केनेडी यांना त्या वर्षीच्या सप्टेंबरात ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे उभे राहावे लागले, यावरून तो प्रश्न किती जिवंत होता ते कळते.

परंतु प्रतिष्ठेचे एक वैशिष्ट्य आहे. ती एकदा मिळाली म्हणजे तिच्यासाठी पुन्हा मत द्यावे लागत नाही. केनेडी निवडून आल्याने कॅथलिक समाजाचे एक जुने येणे वसूल झाले आणि त्याच क्षणी त्याचे मत मोकळे झाले. बारा वर्षांनी, १९७२ साली, कॅथलिकांचे बहुमत निक्सन यांच्या बाजूने गेले. २००४ साली जॉन केरी हे कॅथलिक उमेदवार मेथडिस्ट असलेल्या जॉर्ज बुश यांच्यासमोर उभे होते. मतदानोत्तर पाहणीनुसार कॅथलिकांची अधिक मते बुश यांना मिळाली. २०२० साली जोसेफ बायडेन हे दुसरे कॅथलिक अध्यक्ष झाले, तेव्हा कॅथलिकांची मते जवळजवळ समसमान विभागली होती. आपला माणूस ही हाक तीन पिढ्यांनंतर ऐकू येईनाशी झाली.

१९७२ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. गर्भपाताला संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय जानेवारी १९७३ मधील आहे. म्हणजे कॅथलिकांचा डेमोक्रॅटिक पक्षाशी पहिला मोठा काडीमोड गर्भपाताच्या वादाच्या आधी झालेला आहे. पुढे या प्रश्नाने नियमित प्रार्थनेला जाणाऱ्या अनेकांना रिपब्लिकन पक्षाकडे नेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार जेराल्डिन फेरारो यांच्यावर न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांनी याच मुद्द्यावर जाहीर टीका केली होती. तथापि पाहण्यांवरून दिसते ते असे की, बहुसंख्य अमेरिकन कॅथलिक या बाबतीत चर्चची भूमिका पूर्णतः स्वीकारीत नाहीत. तेव्हा सगळे स्पष्टीकरण त्यावर टांगणे इष्ट नव्हे.

भाडेकरू ते घरमालक

मग साठ आणि सत्तरच्या दशकांत झाले काय? उत्तर मालमत्तेच्या नोंदवहीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाला पैसे आणि घराला स्वस्त कर्ज मिळाले. आयरिश, इटालियन आणि पोलिश मजुरांची मुले अभियंते, लेखनिक, पोलीस अधिकारी झाली. चाळीतून ती स्वतःच्या घरात गेली. भाडेकरूचे हित आणि घरमालकाचे हित एक नसते. भाडेकरू सरकारी खर्चाकडे लाभार्थी म्हणून पाहतो, घरमालक त्याकडे करदाता म्हणून पाहतो. ज्या धोरणाने बापाला वर आणले, त्याच धोरणाचा भार आता आपण वाहतो आहोत, असे मुलाला वाटू लागले.

जे वर चढू शकले नाहीत त्यांची कथा अधिक कटू आहे. १९७४ साली बॉस्टनमध्ये वर्णभेद मोडण्यासाठी न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकमेकांच्या वस्तीतील शाळांत बसने नेण्याचा आदेश दिला. आदेश देणारे न्यायाधीश आर्थर गॅरिटी हे स्वतः आयरिश कॅथलिक होते. पण त्यांचे वास्तव्य सुखवस्तू उपनगरात होते आणि त्या उपनगरांना ही योजना लागू नव्हती. एकात्मतेचा सारा भार दक्षिण बॉस्टनच्या गरीब आयरिश आणि रॉक्सबरीच्या गरीब काळ्या कुटुंबांवर पडला. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरला सिनेटर एडवर्ड केनेडी संतप्त जमावाला समजवावयास गेले असता त्यांना हुसकावण्यात आले. ज्या सरकारी इमारतीत त्यांनी आश्रय घेतला, तिला त्यांच्या दिवंगत बंधूचेच नाव होते. तिच्या दाराची काच जमावाने फोडली. या जमावात वर्णद्वेष होता, तो निखालस निंद्य होता आणि त्याची झळ निरपराध काळ्या मुलांना लागली. परंतु वर्णद्वेष हा शब्द उच्चारून विश्लेषण संपत नाही. न्यायाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न तेथे होता आणि ती किंमत ज्यांच्यावर लादली गेली त्यांनी पक्षाचे जुने नाते तोडले.

मिशिगन राज्यातील मॅकोम परगणा हे या तुटलेल्या नात्याचे प्रसिद्ध उदाहरण. मोटार कारखान्यांतील कामगारांची ही वस्ती. पोलिश, इटालियन, आयरिश कॅथलिकांची संख्या मोठी. १९६० मध्ये तेथील सहा-दशांशांहून अधिक मते केनेडी यांना मिळाली होती. १९८४ मध्ये जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात रेगन यांना मिळाली. ‘रेगन डेमोक्रॅट’ हा शब्दप्रयोग अशाच मतदारांमुळे रूढ झाला.

सीमेवरचा हिशेब

आता स्टार परगण्याकडे वळता येईल. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसाचे जे स्थान होते, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन माणसाचे झाले. शेतमजुरीसाठी करारावर मेक्सिकन कामगार आणण्याची योजना १९४२ ते १९६४ अशी बावीस वर्षे चालू होती. ती बंद झाली. त्यानंतर पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांच्या संख्येवरही कायद्याने प्रथमच मर्यादा घातली. शेतमालकाची गरज तशीच राहिली, मजूरही येतच राहिला. बदलले ते एवढेच की, तो आता बेकायदा ठरला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांनी सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली डिलेनोहून राज्याच्या राजधानीवर मोर्चा नेला तेव्हा त्याच्या अग्रभागी ग्वादालुपेच्या मातेचे चित्र होते. श्रद्धा आणि रोजगार पुन्हा एकत्र आले होते आणि ते मत डेमोक्रॅटिक पक्षाला मिळत होते. १९९४ साली त्याच राज्यात परवाना नसलेल्यांना सार्वजनिक सेवा नाकारणारा प्रस्ताव रिपब्लिकन गव्हर्नरच्या पाठिंब्याने संमत झाला. १८८४ च्या अपमानाची ही पुनरावृत्ती होती. तिने तेथील लॅटिन मतदार त्या पक्षापासून दीर्घकाळ दुरावला.

परंतु लॅटिन कॅथलिक हाही एकसंध समाज नाही. क्यूबातून आलेले लोक मजूर म्हणून आले नाहीत. १९५९ च्या क्रांतीत मालमत्ता गमावून आले. अमेरिकेने १९६६ च्या खास कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा मार्ग खुला केला. १९६० ते १९६२ या काळात १४ हजारांवर क्यूबन मुले पालकांवाचून अमेरिकेत आली, ती प्रामुख्याने चर्चच्या व्यवस्थेतून. साम्यवादाला अधिक कठोर विरोध करणारा पक्ष त्यांना जवळचा वाटला. मायामी शहराचा परगणा २०२४ मध्ये १९८८ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराकडे गेला, त्यात क्यूबन आणि व्हेनेझुएलन आठवणींचा वाटा होता.

स्टार परगण्यातील माणूस याहूनही निराळा. तेथील कित्येक घराणी १८४८ च्या तहाच्या आधीपासून त्या भूमीवर आहेत. ती सीमा ओलांडून आली नाहीत, सीमाच त्यांच्यावरून पुढे गेली. परगणा गरीब आहे. सीमेवरील सुरक्षा दलाची नोकरी आणि टेक्ससमधील तेलक्षेत्रावरचे काम हे तेथील तरुणाला महाविद्यालयीन पदवीशिवाय बरे वेतन देणारे मोजके मार्ग आहेत. सीमा सैल करण्याची आणि तेलाचा वापर कमी करण्याची भाषा त्याच्या कानावर पडते तेव्हा ती त्याला आपल्या घरखर्चावरची टीका वाटते. त्यात जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांपर्यंत चढला. ज्याच्या मिळकतीचा मोठा भाग अन्न, घरभाडे आणि पेट्रोल यांवर जातो, त्याला महागाई सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक भोवते. मतदानोत्तर पाहणीनुसार ट्रम्प यांना देशभरातील लॅटिन मतांपैकी २०१६ मध्ये २८ टक्के, तर २०२४ मध्ये ४६ टक्के मते मिळाली. त्यांत केवळ कॅथलिक नव्हते, इव्हँजेलिकलही पुष्कळ होते. पण कल दोहोंत दिसतो.

एक युक्तिवाद या मतदारांच्या तोंडी वारंवार येतो. तो असा की, आम्ही किंवा आमचे पूर्वज रीतसर आलो, यांनीही रीतसर यावे. आयरिश आणि इटालियन वंशजही हेच म्हणतात. यातील इतिहास तपासणे आवश्यक आहे. १९२१ पूर्वी युरोपीय माणसाला संख्येची मर्यादाच नव्हती. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर तपासणीनंतर परत पाठविल्या गेलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. ज्या काळी दारच उघडे होते, त्या काळी दारातून येणे सोपे होते. पूर्वजांचा कायदेशीरपणा हा त्यांच्या गुणाइतकाच त्या काळच्या कायद्याचाही गुण होता. हे वंशजांना सांगितले पाहिजे. पण त्यांना कृतघ्न ठरवून सांगितल्यास ते ऐकतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

चर्च एकीकडे, मत दुसरीकडे

आजची परिस्थिती अशी की, धर्मपीठ आणि धर्मानुयायी यांच्यात पुन्हा १९३६ सारखे अंतर पडले आहे. फक्त दिशा उलट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहून सामूहिक हद्दपारीच्या धोरणावर टीका केली. मे २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट हे पहिले अमेरिकन पोप झाले आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, ते श्रमिकांचा विचार मांडणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण ठेवून. जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्दिनोच्या बिशपांनी, ज्यांना धरपकडीची भीती वाटते त्यांना रविवारच्या प्रार्थनेस उपस्थित राहण्याच्या बंधनातून सूट दिली. नोव्हेंबरात बिशपांच्या परिषदेने सरसकट हद्दपारीस जाहीर विरोध नोंदविला. आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्यांनी पदे स्वीकारली त्या उपाध्यक्ष व्हान्स आणि परराष्ट्रमंत्री रुबिओ या दोघांचाही पंथ कॅथलिकच. त्यांतील रुबिओ हे क्यूबन स्थलांतरितांचे पुत्र.

परंतु हा कौलही कायमचा समजू नये. न्यू जर्सीतील पॅसेइक परगण्यात लॅटिन वस्ती मोठी आहे. २०२४ मध्ये तो ट्रम्प यांच्याकडे गेला. एकाच वर्षाने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, गव्हर्नरच्या निवडणुकीत त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल यांना स्पष्ट मताधिक्य दिले. महागाईवर चिडून दिलेले मत महागाई न हटल्यास परत घेतले जाते आणि हद्दपारी शेजारच्या घरापर्यंत आली म्हणजे घोषणेचा अर्थही बदलतो.

या साऱ्या विवेचनातून निष्कर्ष निघतो तो असा. स्थलांतरितांच्या वंशजांचे मत तीन गोष्टींनी ठरत आले आहे : उपजीविकेची शाश्वती, समाजातील मान आणि मुलाबाळांची सुरक्षितता. धर्म त्यांहून वेगळा चौथा घटक म्हणून क्वचितच येतो. बहुधा तो या तिन्हींना भाषा पुरवतो. ज्या पक्षाने या तिहींपैकी निकडीची गोष्ट दिली, किंवा निदान ती नाकारली नाही, त्याला मत मिळाले. निकड बदलली की मत बदलले.

आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात ‘व्होट बँक’ हा शब्द प्रचारात आणला. आपण त्याला मतपेढी म्हणतो. गोव्यातील १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे उदाहरण घ्या. विलीनीकरणाविरुद्धचा तो कौल कॅथलिकांच्या गठ्ठा मतांचा विजय होता, असे आजही सांगितले जाते. परंतु गोव्यातील कॅथलिकांची संख्या निम्म्याहून बरीच कमी होती. हिंदू मतदारांच्या मोठ्या वर्गाने साथ दिल्यावाचून ३४ हजारांचे मताधिक्य शक्य नव्हते. भाषा, नोकऱ्या आणि स्वतंत्र ओळख यांची चिंता दोन्ही समाजांत होती. धर्माच्या नावाने मते मोजण्याच्या सवयीमुळे ती चिंता आपल्या दृष्टीआड होते.

मतपेढी या शब्दात एक सत्य दडलेले आहे, ते पक्ष विसरतात. पेढीतील ठेव पेढीची नसते. ती ठेवीदाराची असते आणि तो ती केव्हाही काढून घेऊ शकतो. डेमोक्रॅटिक पक्षाने स्टार परगण्यातील ठेव शंभरांवर वर्षे व्याज न देता वापरली. रिपब्लिकन पक्ष आज त्याच ठेवीवर हक्क सांगत आहे. तिच्या बदल्यात त्याने पीठ, भाडे आणि पेट्रोल यांचे भाव खाली आणले की केवळ शेजाऱ्याच्या दारावर शिपाई पाठविला, याचा हिशेब रिओ ग्रांदेच्या काठचा मतदार पुढील निवडणुकीत घेईल. तो हिशेब त्याला जमतो, हे मान्य करणे ही त्याला समजून घेण्याची पहिली अट आहे.